परातीची ढाल

यंदा गणपतीत आमच्या सोसायटीच्या वेशभूषा स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बसवलं. मी पुस्तकं वाचते अशी बिल्डिंगमध्ये एक जुनी अफवा आहे, तिचा हा परिणाम. एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला दातांच्या डॉक्टरीणबाई, समोर पाण्याच्या बाटल्या आणि गुणांचे छापील तक्ते. मुलं एकेक करून येत होती. दोन टिळक झाले. दरवर्षी किमान दोन असतातच, आणि त्यातल्या एकाला ‘जन्मसिद्ध हक्क’च्या पुढचं काही केल्या आठवत नाही. एक झाशीची राणी घोड्यासकट आली, दुसरी माइक बघून रडत परत गेली. एक शेतकरी आला, खांद्यावर पुठ्ठ्याचा नांगर आणि गळ्यात पाटी: ‘शेतकरी जगला तर देश जगेल.’ टाळ्या. मग आला सी विंगमधला सात वर्षांचा कॅप्टन अमेरिका. निळा टी-शर्ट, छातीवर चंदेरी कागदाची चांदणी, आणि हातात ढाल. ढाल म्हणजे घरातली कणीक मळायची स्टीलची परात. तिच्या पाठीवर लाल-पांढरी कडी रंगवलेली, मध्ये निळा गोल, आणि आतल्या बाजूला हात अडकवायला आईच्या ओढणीची गाठ. माइक त्याच्या नाकाला लागत होता. तो म्हणाला, “मी कॅप्टन अमेरिका. मी हिटलरला ठोसा मारला.” एवढं बोलून त्याने ठोसा मारून दाखवला, परात निसटली, आणि स्टेजच्या फळ्यांवर गरगरत, आवाज करत बराच वेळ पडत राहिली.

लोक हसले. सेक्रेटरी माझ्या कानाशी वाकले. “ताई, राजकीय नको हं. नियम क्रमांक चार.” नियम खरंच होता. मागच्या वर्षी एक मूल हयात नेत्याच्या वेशात आलं आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तीन दिवस पेटला होता, तेव्हापासूनचा. मी म्हटलं, “अहो, हिटलर!” ते म्हणाले, “हो, पण नेताच ना?” मागे सहा मुलं खोळंबलेली, एका परीचा पंख निखळत आलेला. वाद घालायची ती वेळ नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं आणि ‘विषयनिवड’ या रकान्यात दहापैकी चार लिहिले. नांगराला मी नऊ दिले होते. टिळकांना आठ-आठ.

ते चार गुण घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखे टोचत राहिले.

त्रास याचा होता, की तो मुलगा काय म्हणतोय हे त्या मांडवात बहुधा मला एकटीलाच नेमकं ठाऊक होतं. कॅप्टन अमेरिकेच्या कॉमिकचं ते मुखपृष्ठ मी पाहिलेलं आहे. १९४१ च्या मार्चचा पहिला अंक, प्रत्यक्षात बाजारात आला १९४० च्या डिसेंबरात. कॅप्टन अमेरिका आत घुसलाय, हिटलरच्या जबड्यावर त्याची मूठ बसलीय, आजूबाजूचे शिपाई गोळ्या झाडतायत, एक गोळी ढालीवरून उडालीय, आणि मागे भिंतीवरच्या पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवला जातोय. आज हे चित्र कुणालाही चालतं. टी-शर्टवर छापून मिळतं. तेव्हा पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला व्हायला वर्ष होतं. अमेरिका युद्धात नव्हती, आणि युरोपातली भांडणं आपल्याला कशाला, असं म्हणणारे तिथे ढिगाने होते. १९३९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिटलरच्या अमेरिकन चाहत्यांनी सभा घेतली होती, वीसेक हजार माणसं जमली होती. त्याच शहरात बसून जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू पोरांनी हा ठोसा काढला. मग धमक्यांची पत्रं आली, फोन आले, ऑफिसच्या इमारतीखाली कसलीतरी माणसं घुटमळायला लागली. पोलिसांचा पहारा बसवावा लागला. खुद्द महापौर ला गार्डिया यांनी सायमनला फोन करून धीर दिला. कर्बी पुढे सैन्यात गेला, फ्रान्समध्ये लढला, थंडीने पाय निकामी व्हायची पाळी आली. म्हणजे आमच्या सेक्रेटरींचं बरोबरच होतं. राजकीयच होतं ते. अगदी नखशिखांत.

सायमनचे वडील शिंपी. कर्बीचे वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. सुपरमॅन ज्यांनी काढला त्या दोघांतल्या जो शुस्टरचे वडीलही शिंपी, आणि जेरी सीगलच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान. चौघांच्या घरी कापडच. स्पर्धा संपल्यावर मांडवात उरलेल्या टाचण्या, चुरगळलेली जिलेटिनं, ओढण्या उचलणाऱ्या आया बघताना मला हे आठवलं. अंगाला घट्ट बसणारे ते निळे-लाल पोशाख ज्या डोक्यांतून निघाले, त्या पोरांच्या कानांत लहानपणापासून शिलाई मशीनचा आवाज होता.

रात्री दादाला फोन लावला. दादा नागपूरला असतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्यात गेली काही वर्षं एक अलिखित करार आहे. एका निवडणुकीच्या वेळी आमचं इतकं कडाक्याचं वाजलं, की आईच्या वर्षश्राद्धालाही आम्ही एकमेकांशी फक्त वाढपाविषयी बोललो. त्यानंतर फोनवर हवापाणी, गुडघे, साखर आणि वेताळ, एवढेच विषय. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, कारण लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स दादा आणायचा आणि मी चोरून वाचायची. तो ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून, बारा-बारा अंकांची दोऱ्याने शिवलेली बाडं करून ट्रंकेत ठेवायचा. त्या ट्रंकेला डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या शाईचा जो एक मिश्र वास होता, तो मला आजही जंगलाचा वास वाटतो. पलंगाखाली उताणं पडून, वरच्या नवारीच्या फटींतून येणाऱ्या उजेडात मी कवटीच्या सिंहासनावर बसलेला तो मुखवट्याचा माणूस बघत असे. ज्याला तो ठोसा मारेल त्याच्या गालावर कवटीची खूण कायमची उमटते, हे वाचून मी कंपासपेटीतल्या खोडरबरावर कवटी कोरली होती आणि वर्गातल्या एका मुलीच्या मनगटावर शाईने उठवली होती. तिचा गुन्हा काय होता, आठवत नाही.

दादाला परातीची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, “पण सेक्रेटरीचं बरोबर आहे. कॉमिक्समध्ये राजकारण आणलं की मजा जाते. आता बघ ना, प्रत्येक हिरो भाषण देतो. आपला वेताळ कधी कुठल्या पक्षाचा होता?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. करार होता.

मी म्हटलं, “दादा, एक गोरा माणूस चारशे वर्षं बापामागून मुलगा असा जंगलावर राज्य करतो, तिथल्या लोकांना तो अमर वाटतो आणि तो वाटू देतो. याला काय म्हणायचं?” तो म्हणाला, “ते दंतकथा आहे.” मी म्हटलं, “आणि तो डॉक्टर लुआगा? अध्यक्ष म्हणून निवडून आला तरी जनरल बाबाबू खुर्ची सोडेना, तेव्हा वेताळ कुणाच्या बाजूने उभा राहिला?” पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मला थांबता येईना. “आणि तुला माहितीये का, वेताळाच्या देशाचं मूळ इंग्रजीतलं नाव बंगाला, ते आपल्याकडे डेंकाली केलं ते? सिंग चाच्यांचे सिंगा झाले ते? मुंबईत बसून कुणीतरी विचार केलाच असेल ना, की आपल्या वाचकाला चाच्यांचं नाव सिंग असलेलं कसं वाटेल?” दादा जरा वेळाने म्हणाला, “तू ना, सगळं नासवतेस.” आणि मग गुडघ्यांवर आला.

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. त्याचं म्हणणं मला कळत होतं. पलंगाखाली पडून वाचताना मला डॉक्टर लुआगाच्या निवडणुकीशी काही देणंघेणं नव्हतं. मला पाहिजे होती ती कवटीची गुहा, आणि वरून पडणाऱ्या धबधब्यामागून आत जायची वाट. घरात बापाचा आवाज चढला की मी त्या धबधब्यामागे जाऊन बसत असे. तिथे कुणी कुठल्या बाजूचं नसे. त्या जागेत आता मीच विजेरी घेऊन शिरते आणि भिंतींवर काय काय लिहिलंय ते वाचून दाखवते. कळल्यानंतर न कळल्यासारखं करता येत नाही, हे खरं. पण दादाच्याही हातात विजेरी द्यायलाच पाहिजे होती का?

तरीही सुपरहिरो पूर्वी निर्मळ होते आणि हल्लीच बाटले, हे म्हणणं काही टिकत नाही. १९३८ च्या जूनच्या अंकात सुपरमॅन आला तेव्हा त्याच्यासमोर परग्रहावरचे राक्षस नव्हते. पहिल्याच गोष्टीत तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो आणि वॉशिंग्टनला जाऊन एका सिनेटरमागे लागलेल्या दलालाला उंच तारांवरून पळवतो. तिसऱ्या अंकातली खाणीची गोष्ट तर माझी फार लाडकी आहे. खाणीत दरड कोसळून माणूस अडकतो, मालक सुरक्षेवर पैसा घालायला तयार नाही. मालकाच्या घरी मेजवानी चालू आहे. सुपरमॅन खाणकामगाराचे कपडे घालून तिथे घुसतो, आणि लहर म्हणून ती सगळी मेजवानी रेशमी झगे नि काळ्या कोटांसकट खाणीत उतरते. मग तो वाट कोसळवतो. धोक्याची घंटा वाजत नाही, कारण मालकाने ती दुरुस्तच केलेली नसते. मालक हाताने दरड उपसतो, दमतो, रडकुंडीला येतो, आणि बाहेर पडल्यावर खाण सुधारायचं कबूल करतो. गोष्टभर त्या माणसाचा लाल झगा दिसत नाही. भाषण नाही, ‘कामगारांनो’ नाही. फक्त मालकाच्या हाताला आलेले फोड.

आठव्या अंकात तो एक अख्खी झोपडपट्टी पाडतो. का, तर वादळाने उद्ध्वस्त झालेल्या भागात सरकार नवी घरं बांधून देतं, असं त्याने पेपरात वाचलेलं असतं. मग वादळ आपणच व्हायचं! लष्कराची विमानं त्याच्यावर बॉम्ब टाकतात आणि तो पळतापळता त्यांच्याकडूनच उरलेल्या चाळी पाडून घेतो. शेवटी नव्या इमारती उभ्या राहतात, सगळे खूश. क्लीव्हलँडमध्ये मंदीत वाढलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांचा हा भाबडेपणा मला ओलावून टाकतो. पण मी राहते मुंबईच्या लोकल मार्गावर. पाडकामाचं पथक येणं आणि घर मिळणं, या दोन गोष्टींच्या मध्ये माणसांच्या पिढ्या संक्रमण शिबिरात म्हाताऱ्या झालेल्या आम्ही बघतो. त्यामुळे तो अंक वाचताना मी अर्धी त्याच्या बाजूने असते आणि अर्धी त्या खोलीतल्या बाईच्या, जिला भांडी बाहेर काढायला किती वेळ मिळाला ते चित्रात कुठे दिसत नाही. तेव्हाचा सुपरमॅन डावा होता, पुरोगामी होता, असं आज कौतुकाने सांगतात. असेल. कायद्याला विचारत नव्हता हेही तितकंच खरं, आणि कायद्याला न विचारणाऱ्या बलदंड माणसाला आपल्याच बाजूचा मानायची मला सवय लागली, ती याच चित्रांनी.

सीगलचे वडील दुकानात चोर शिरले त्या रात्री, हृदय बंद पडून गेले. १९३२ साल. त्यानंतर काही वर्षांत मुलाने असा माणूस कल्पिला ज्याला कुणीच काही करू शकत नाही. आणि तो माणूस, त्याच्या सगळ्या हक्कांसकट, दोघांनी मिळून १३० डॉलरला विकला.

खाणमालकाला धडा शिकवणाऱ्या गोष्टी लिहिणाऱ्यांचाच हिशेब असा झाला. सत्तरच्या दशकात सीगल कारकुनी करत होता आणि शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सुपरमॅनवर मोठा सिनेमा येऊ घातला होता. १९७५ मध्ये चित्रकारांनी आवाज उठवला, पेपरात बोभाटा झाला, तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलर द्यायचं आणि त्यांची नावं छापायचं मान्य केलं. त्या मोहिमेत पुढे होता चित्रकार नील अ‍ॅडम्स. याच अ‍ॅडम्सने १९७० मध्ये डेनी ओनीलच्या लेखणीला चित्रं दिली होती. हिरवी अंगठी घालून विश्वभर न्याय वाटत फिरणारा ग्रीन लँटर्न एका घरमालकाला मारहाणीपासून वाचवतो, आणि चाळीतला एक सुरकुतलेला काळा म्हातारा त्याला अडवतो. निळ्या कातडीच्या लोकांसाठी तू काय काय केलंस ते वाचलं, म्हणतो. नारिंगी, जांभळ्या कातडीच्यांसाठी केलंस तेही. काळ्या कातडीच्यांसाठी का नाही केलंस? हिरो मान खाली घालतो. ते चित्र मी खूपदा पाहिलंय. म्हाताऱ्याच्या गळ्याच्या शिरा, स्वेटर, आणि हिरोच्या तोंडाशी असलेला जवळजवळ रिकामा फुगा. त्याच मालिकेत पुढे त्याचा जोडीदार ग्रीन अ‍ॅरोची लांबलचक प्रवचनं आहेत; ती वाचताना मात्र मला दादा आठवतो, आणि पटतो. पानाचा निम्मा भाग संवादाच्या फुग्यांनी भरलेला, चित्राला श्वास घ्यायला जागा नाही. दोनेक वर्षांत ती मालिका बंद पडली.

कॅप्टन अमेरिकेचे हाल तर विचारूच नका. युद्ध संपलं, खप गेला. १९५३-५४ मध्ये त्याला कम्युनिस्टांना ठोकायला पुन्हा बाहेर काढलं; कुणी घेतलं नाही. पुढे १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट नावाच्या लेखकाने त्या पन्नासच्या दशकातल्या कॅप्टनचा निकाल कसा लावावा? तो खरा नव्हताच, म्हणे. औषध बाधून डोकं फिरलेला तोतया होता. आमच्याकडे घरातल्या कुणी नको ते केलं की ‘तो आमचा नव्हेच’ म्हणतात, तसं. मग त्याच एंगलहार्टने १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्यावर वॉटरगेट प्रकरणाचा चिखल उडत असताना खऱ्या कॅप्टनला एका गुप्त टोळीच्या म्होरक्यामागे थेट व्हाइट हाउसमध्ये नेलं. म्होरक्या मुखवटा काढतो. वाचकाला चेहरा दिसत नाही, नाव सांगत नाहीत. कॅप्टनला दिसतो, आणि त्याच्या डोळ्यांत आपल्याला. म्होरक्या स्वतःला गोळी घालतो. काही महिन्यांनी निक्सन यांनी खराखुरा राजीनामा दिला. कॅप्टन तो झेंड्याचा पोशाख उतरवून ठेवतो आणि काही अंक ‘नोमॅड’ म्हणून, बिनदेशाचा, हिंडतो.

इथपर्यंत मी खूश असते, कारण हे सगळं मला पटणारं आहे. माझी परीक्षा घेतो तो स्टीव्ह डिटको. स्पायडरमॅनचा निम्मा बाप. कट्टर व्यक्तिवादी लेखिका आयन रँडच्या विचारांनी पुरता भारलेला. १९६७ मध्ये त्याने ‘मिस्टर ए’ काढला: पांढरा सूट, धातूचा निर्विकार मुखवटा, हातात अर्धं काळं, अर्धं पांढरं कार्ड. मधला करडा रंग त्याच्या जगात गुन्हाच. पहिल्याच गोष्टीत तो एका तरुण गुन्हेगाराला उंचावर लटकलेला सोडून जातो, आणि पोरगा पडतो. वाचून माझ्या अंगावर शहारा येतो. पण डिटकोइतकं स्वतःच्या म्हणण्याला धरून राहिलेलं त्या धंद्यात दुसरं कोण दाखवता येईल? मुलाखती नाहीत, प्रसिद्धी नाही; २०१८ मध्ये गेला तोवर न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत बसून काढत राहिला. मी त्याला विषयनिवडीत किती गुण देईन? खाणीच्या गोष्टीला नऊ आणि याला चार?

दिले असते. मला माहीत आहे.

हिटलरला ठोसा मारणाऱ्याला चार देताना निदान माझ्या मताचा प्रश्न नव्हता. मी नुसती सेक्रेटरींना भ्यायले. दोन्हींतलं वाईट कुठलं, हे मी त्या रात्री ठरवत बसले आणि दूध उतू गेलं. सकाळी दादाचा मेसेज होता. शब्द नाही, फक्त फोटो: ट्रंक उघडलेली, वरच्या बाडाचा दोरा सुटलेला, आणि मधल्या पानावर डॉक्टर लुआगा, पांढऱ्या कोटात. मी बराच वेळ बघत बसले. उत्तर म्हणून मीही काही लिहिलं नाही. आमच्या परातीचा फोटो असता तर पाठवला असता.

गौरी-गणपती गेले. आठवड्याने लिफ्टमध्ये सी विंगमधली ती मायलेकरं भेटली. तिच्या हातात दुधाच्या पिशव्या, त्याच्या हातात परात. “ऑइलपेंट काही निघेना हो,” ती म्हणाली. “रॉकेल लावलं, राखेनं घासली. कडेला लाल राहिलंच. शेवटी म्हटलं, घे बाबा, तुझीच.” मला त्याला चार गुणांचं सांगावंसं वाटलं, आणि सात वर्षांच्या मुलाला ते कशाला, असंही वाटलं. तेवढ्यात त्यानेच विचारलं, “आजी, माझी ढाल बरोबर होती ना?” आजी ऐकून मी जरा दुखावले, पण विषय मला येणारा होता. म्हटलं, बरोबर होती, पण गंमत माहितीये का, पहिल्या अंकात त्याची ढाल त्रिकोणी होती. दुसऱ्या एका कंपनीच्या हिरोच्या छातीवरचं चिन्ह अगदी तसंच दिसायचं, त्यांनी तक्रार केली, म्हणून दुसऱ्या अंकापासून गोल झाली. हिटलरला ठोसा मारला तेव्हा हातात होती ती त्रिकोणीच.

तो तिसऱ्या मजल्यापर्यंत विचार करत होता.

“मग ती चुकलेली होती,” तो म्हणाला. “त्रिकोणी फेकली तर परत कशी येणार?”

चौथा मजला आला आणि परात दाराला ठण्णकन आपटून तो बाहेर पडला.